ठाण्याहून ताडोबाला : सफारी नीट करायची असेल तर

सुट्ट्यांच्या दिवसांत शुक्रवारी संध्याकाळी ठाणे स्थानकात विदर्भ एक्सप्रेसची वाट पाहत उभे राहिले की नागपूर-गोंदियाच्या नेहमीच्या प्रवाशांत एखाद-दुसरे कुटुंब हमखास वेगळे दिसते. डोक्यावर नव्याकोऱ्या हिरवट टोप्या असतात, वडिलांच्या गळ्यात दुर्बीण असते आणि मुलांच्या तोंडी वाघाशिवाय दुसरा विषय नसतो. हे लोक ताडोबाला निघालेले असतात. गेली काही वर्षे मीही त्यांच्यातलाच एक आहे, आणि नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत ‘ताडोबाला जायचे तर काय काय करावे लागते?’ हे इतक्या जणांनी विचारले की एकदा सगळे व्यवस्थित लिहून काढावे असे ठरवले. विचारणाऱ्याला बहुधा बुकिंगपुरतेच उत्तर हवे असते. ते पुढे सांगितलेच आहे. मात्र बुकिंग हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, जंगलात शिरल्यावर सुरू होतो, आणि तो म्हणजे गाडी एका जागी थांबवून ठेवणे.

हे अवघड का जाते, ते जंगलाचा आकार लक्षात घेतला की कळते. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. १९५५ साली सुमारे ११६ चौरस किलोमीटर जंगलाला हा दर्जा मिळाला, १९८६ साली शेजारचे अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे गाभा क्षेत्र, म्हणजे बोलीभाषेतला ‘कोअर’, सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटर. नियमाप्रमाणे गाभ्याचा जेमतेम पाचवा हिस्सा पर्यटनासाठी खुला ठेवता येतो, आणि त्यातही गाडी फक्त ठरलेल्या रस्त्यांवरून जाते. वाघाला मात्र सगळे जंगल मोकळे आहे. म्हणजे एका फेरीच्या चार तासांत आपण कितीही किलोमीटर तुडवले, तरी वाघाच्या हिशेबाने आपण काही बारीक रेघांवरून पुढे-मागे करत असतो. त्या रेघेवर तो कधी येईल हे आधी कळण्याचा मार्ग डोळ्यांपेक्षा कानांतून जातो, आणि चालू इंजिनाच्या आवाजात कानांचा काही उपयोग नसतो.

केव्हा जावे

ताडोबाचे जंगल उष्णकटिबंधातले शुष्क पानझडी जंगल आहे. साग, ऐन, तेंदू, मोह, अर्जुन, जांभूळ आणि या सगळ्यांच्या खाली दाटलेला बांबू. पानझडी या शब्दातच हंगामाचे गणित आहे. गाभा क्षेत्र पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असते आणि १ ऑक्टोबरला उघडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल डोळे निववणारे हिरवे असते, झाडांमधल्या कोळ्यांच्या मोठमोठ्या जाळ्यांवर सकाळी दव चमकत असते, पण गवत गाडीच्या बोनेटएवढे उंच असल्याने दहा फुटांवर बसलेला प्राणी दिसत नाही. ज्यांना फक्त वाघ पाहायचा आहे त्यांनी या दिवसांत जाऊन नाराज होऊ नये. ज्यांना जंगल पाहायचे आहे त्यांनी जरूर जावे.

डिसेंबर-जानेवारीत हवा छान असते, पण ठाणेकरांची एक फसगत इथे ठरलेली आहे. आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा एक घर कमी करणे. चंद्रपुरात उघड्या जिप्सीत, सूर्य वर येण्याआधी, तोंडावर वारा घेत बसल्यावर बोटे अक्षरशः बधिर होतात. कानटोपी, हातमोजे आणि जाड जॅकेट या तीन वस्तू डिसेंबरात नेल्या नाहीत, तर पहिला तासभर जंगलाऐवजी स्वतःच्या कुडकुडण्याकडेच लक्ष राहते.

फेब्रुवारीच्या शेवटापासून पळस फुलतो, पानगळ होते आणि जंगल पारदर्शक होत जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले टपटप गळतात. ती खायला अस्वले येतात, चितळे येतात, आणि बफरमधल्या गावांतली माणसेही टोपल्या घेऊन वेचायला जातात. मोह आणि त्यानंतरची तेंदूपत्त्याची तोडणी याच दिवसांत त्या माणसांची वाघाशी समोरासमोर गाठ पडण्याचे प्रसंग वाढतात. आपण रिसॉर्टच्या गच्चीत बसून ज्या प्राण्याची हौसेने वाट पाहतो, त्याच्या भीतीने तिथल्या बायका घोळक्याने आणि मोठ्याने बोलत वाटा चालतात, याची जाणीव असलेली बरी. जेवणानंतर ‘शतपावली’ म्हणून मुक्कामाच्या कुंपणाबाहेर अंधारात फिरायला जाऊ नये, हा नियमही त्याच जाणिवेतून पाळावा.

एप्रिल-मे हा प्राणी दिसण्याचा सर्वांत चांगला काळ मानला जातो, आणि ते खरे आहे, कारण पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरलेले असते. मात्र चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या सर्वांत तापणाऱ्या भागांतला आहे. दुपारच्या फेरीला निघताना पारा ४४-४५ अंशांवर असणे ही तिथे बातमी नसते. घरात वयस्कर माणसे किंवा अगदी लहान मुले असतील, तर माझे मत मार्चचा पहिला पंधरवडा निवडावा असे आहे. पाने बरीच गळालेली असतात, परीक्षांमुळे गर्दी कमी असते आणि ऊन सोसवते.

बुकिंग आणि प्रवास

सफारीचे आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने एका मध्यस्थाला आगाऊ पैसे दिले आणि प्रवेशद्वारावर गेल्यावर त्यांच्या नावाची फेरीच नोंदलेली नाही असे निघाले. तो मध्यस्थ फोन उचलत होता, ‘बघतो’ म्हणत होता आणि जिप्स्या एकामागून एक आत जात होत्या. आरक्षणात प्रत्येकाचे नाव ओळखपत्रावर जसे आहे तसेच लिहावे आणि तेच मूळ ओळखपत्र सोबत न्यावे. घरी ‘चिनू’ आणि आधारवर ‘चिन्मय’ असला घोळ पहाटे साडेपाच वाजता प्रवेशद्वारावर निस्तरता येत नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाईड बसतात. सहा मोठी माणसे म्हणजे खांद्याला खांदा लागतो आणि प्रत्येकाला एकच बाजू मिळते. परवडत असेल तर चौघांत एक गाडी घ्यावी. (कंपनीने जिप्सी बनवणे केव्हाच थांबवले असले तरी जंगलातल्या प्रत्येक उघड्या गाडीला आता जिप्सीच म्हणतात.)

प्रवेशद्वार निवडताना लोक सर्वांत मोठी चूक करतात. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही गाभ्याची प्रवेशद्वारे जंगलाच्या वेगवेगळ्या कडांना आहेत. मोहर्लीला चंद्रपूरकडून जातात, कोलाऱ्याला चिमूरकडून. हॉटेल मोहर्लीला आणि सकाळची फेरी कोलाऱ्याहून असे झाले, तर पहाटेच्या अंधारात बाहेरच्या रस्त्याने मोठा वळसा पडतो आणि त्या दिवसाची मजा तिथेच संपते. म्हणून आधी सफारीचे प्रवेशद्वार नक्की करावे, आरक्षण हातात यावे, आणि मगच त्या दारापासून पंधरा-वीस मिनिटांवर मुक्काम ठरवावा. उलट्या क्रमाने जाऊ नये.

गाभ्याचे आरक्षण मिळाले नाही म्हणून हिरमुसून बेत रद्द करणारेही असतात. आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा यांसारख्या बफरच्या प्रवेशद्वारांतून जाणारी सफारी दुय्यम आहे हा समज चुकीचा आहे. वाघ गाभा आणि बफर यांमधली रेषा ओळखत नाही, आणि बफरची काही प्रवेशद्वारे पावसाळ्यातही, रस्त्यांची स्थिती पाहून, चालू ठेवली जातात. चार फेऱ्यांपैकी दोन गाभ्यात आणि दोन बफरमध्ये अशी वाटणी मला सर्वांत समाधानाची वाटते. चारपेक्षा कमी फेऱ्यांसाठी मात्र ठाण्याहून एवढा प्रवास करू नये. एका फेरीत काहीच न दिसणे अगदी स्वाभाविक आहे आणि मग माणूस उगाच गाईडवर रागावतो.

गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, ही गोष्ट बेत आखताना सर्वांत आधी कॅलेंडरवर लिहावी. शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याला गाडीत बसले की शनिवारी सकाळी नागपूर येते. तिथून चंद्रपूर सुमारे १५० किलोमीटर आणि पुढे मोहर्ली आणखी तासाभरावर, शिवाय वाटेत जेवण. आगगाडीला दोन तास उशीर झाला तर शनिवारची दुपारची फेरी बुडते आणि पैसे परत मिळत नाहीत. मी शनिवारी दुपारी काहीच ठेवत नाही, रविवारी दोन आणि सोमवारी दोन फेऱ्या घेतो. मंगळवारच्या सुट्टीमुळे सोमवारी संध्याकाळपर्यंत बरेच पर्यटक परतलेले असतात आणि सोमवारची दुपारची फेरी अनेकदा सर्वांत शांत मिळते.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांना आता समृद्धी महामार्ग आहे. नागपूरपासून ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाल्याने ठाणेकरांच्या दारातच आला आहे. रस्ता उत्तम आहे, आणि त्यातच त्याचा धोका आहे. तासन् तास वळण नाही, सिग्नल नाही, समोरचे दृश्य बदलत नाही. डोळे उघडे राहून मेंदू झोपतो. दर दीड-दोन तासांनी खाली उतरावे, उन्हाळ्यात निघण्याआधी टायरची स्थिती आणि हवा तपासून घ्यावी, आणि रात्रभर गाडी चालवून सकाळच्या फेरीला बसण्याचा पराक्रम करू नये. जिप्सीत बसून घोरणारा चालक-बाप मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिला आहे.

घराजवळचा सराव

ताडोबाला जाण्याआधीचे दोन-तीन रविवार ठाण्यातच सकाळी लवकर उठण्यात घालवावेत, असा माझा आग्रह असतो, आणि तो बहुतेकांना विनोद वाटतो. पण सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा एक दरवाजा येऊरला आहे. तोही उष्णकटिबंधीय जंगलाचाच तुकडा आहे, फक्त पाऊस जास्त असल्याने अधिक ओला. नाक्यावरचे नियम आणि वेळा पाळून आत जावे, कुठेतरी सावलीत बसावे आणि वीस मिनिटे काहीही बोलू नये. पहिली पाच मिनिटे फक्त घोडबंदर रस्त्याची घरघर ऐकू येते. मग सातभाईंचा कलकलाट वेगळा होतो, कोतवालाची शीळ वेगळी होते. मध्येच सातभाई, बुलबुल आणि टकाचोर एकाच झाडाभोवती जमून कर्कश ओरडू लागले, तर तिथे घुबड, शिक्रा किंवा साप असण्याची शक्यता असते. ताडोबात वाघाबाबत हीच भाषा वापरायची आहे. फक्त बोलणारे बदलतात.

दुर्बिणीचा सराव खाडीवर करावा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्यात बोट जाते. भरती पाहून तिच्या वेळा ठरतात. नोव्हेंबर ते मे या काळात तिथे थोरले आणि धाकटे असे दोन्ही रोहित असतात. हलत्या बोटीतून दूरच्या चिखलावरचा एक ठरावीक पक्षी दुर्बिणीत पटकन पकडता आला, की जिप्सीतून झुडपाआडचा कान पकडता येतो. युक्ती एवढीच आहे की नजर त्या वस्तूवरून न हटवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. नवखा माणूस आधी खाली दुर्बिणीकडे पाहतो आणि मग सगळे जंगल शोधत बसतो. दुर्बीण विकत घ्यायची असेल तर ८×४२ घ्यावी. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठे दिसणार आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीच्या दुर्बिणीत हाताची थरथरही दहा पट होते.

सामान

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे आणि मळकट रंगांचे असावेत. पांढरा रंग जंगलात आरशासारखा चमकतो, म्हणून तो सर्वांत वाईट. जवानांसारखे ठिपक्याठिपक्यांचे कपडे विकत घेण्याची काहीच गरज नाही. जुना खाकी किंवा मातकट सदरा पुरतो. अत्तर लावू नये. धुळीसाठी नाकातोंडावर बांधायला उपरणे किंवा मोठा रुमाल हवाच, कारण पुढच्या गाडीची धूळ मागच्या गाडीतल्या माणसांच्या दातांत जाते. पाण्याची बाटली घरची न्यावी, उन्हाळ्यात जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत आणि कुरकुरीत वेष्टनातला खाऊ नेऊ नये. पाठीचे दुखणे असेल तर जिप्सीची सर्वांत मागची उंच बाक टाळावी. फोटोंसाठी ती चांगली, मणक्यांसाठी नाही.

कॅमेरा असेल तर जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापून, त्यात तांदूळ भरून दोन्ही टोके शिवून घ्यावीत. ही पिशवी गाडीच्या दांडीवर टाकून तिच्यावर लेन्स टेकवली की तिपाईची गरज राहत नाही. गाभा क्षेत्रात मोबाइल वापरायला बंदी आहे, आणि इतकी वर्षे मोबाइलमध्ये वेळ पाहणाऱ्यांना आत गेल्यावर किती वाजले तेच कळत नाही. म्हणून एक मनगटी घड्याळ बांधावे. ते पुढे उपयोगी पडते.

जंगलात

गाडीत बसल्यावर गाईडला पहिले वाक्य काय म्हणायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. बहुतेक जण म्हणतात, “भाऊ, वाघ दाखवा बरं का!” या एका वाक्याने त्या माणसाच्या डोक्यावर ओझे बसते, आणि मग तो चालकाला या पाणवठ्यावरून त्या पाणवठ्यावर पळवतो, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हाताने विचारतो, आणि चार तास सगळे धूळ खात फिरतात. मी म्हणतो, “दादा, आम्हाला घाई नाही. तुम्हाला योग्य वाटेल तिथे गाडी बंद करून अर्धा तास थांबू.” गाईड बहुधा क्षणभर चमकून पाहतो आणि मग मोकळा होतो. हे गाईड जंगलाभोवतीच्या गावांतले असतात, त्यांत आता स्त्रियाही आहेत, आणि त्यांना जे ठाऊक असते ते प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. ताडोबाच्या तलावाकाठच्या तारू देवाची कथा, वाघाशी झुंजताना मेलेला गावचा प्रमुख आणि त्याचा गोंड समाजाने मांडलेला देव, ही मी पुस्तकात वाचण्याआधी गाडीतच ऐकली.

इंजिन बंद झाल्यावर काय ऐकायचे? चितळ धोका दिसताच तीक्ष्ण, टोकदार आवाज काढते. पण चितळ घाबरट आहे, बिबट्या, रानकुत्री, कधी नुसती शंका आली तरी ओरडते. वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखा ‘खॉक’ काढते, आणि ते उंचावरून प्रत्यक्ष पाहून ओरडत असल्याने त्याच्या बोलण्याला जास्त वजन आहे. भेकर कुत्र्यासारखे भुंकते. सांबराची हाक मात्र सहसा खोटी नसते. ती एखाद्या रिकाम्या पिंपावर कोणी थाप मारावी तशी जड आणि दूरवर जाणारी असते. आवाज एकाच जागी आहे की सरकतो आहे, हे पाहावे. आधी उजवीकडचे चितळ, मग थोडे पुढचे वानर, मग नाल्यापलीकडचे सांबर अशा हाका क्रमाने येत असतील, तर प्राणी चालतो आहे आणि कोणत्या दिशेने चालतो आहे हेही कळते. रस्ता कुठे ओलांडेल याचा अंदाज बांधून गाडी तिथे आधीच शांतपणे उभी करता येते. ओरडणाऱ्या प्राण्याकडे पाहू नये, त्याचे कान आणि नाक जिकडे रोखलेले असतील तिकडे पाहावे.

रस्त्याच्या धुळीतले ठसेही थांबल्याशिवाय वाचता येत नाहीत. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्याच्या ठशात नखे उमटतात, मांजराच्या कुळातल्यांची चालताना नखे आत असल्याने उमटत नाहीत. नर वाघाच्या मागच्या पायाचा ठसा चौरसाकडे झुकतो, मादीचा लांबट असतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ठसा टायरच्या खुणेवर आहे की खाली. खुणेवर असेल तर शेवटची गाडी गेल्यानंतर वाघ गेला आहे. टायरने ठसा अर्धा पुसला असेल तर बातमी शिळी आहे.

आणि वास. वाघ झाडांच्या बुंध्यांवर मागे वळून जो फवारा मारतो, त्यात सुवासिक तांदळाला वास देणारेच रसायन असते. कुठूनतरी आंबेमोहर शिजत असल्यासारखा वास भर जंगलात आला, तर भूक लागली आहे असे समजू नये.

हे सगळे मला आज नीट सांगता येते, याला मेमधली एक दुपार कारणीभूत आहे. एका पाणवठ्याजवळ आम्ही गाडी बंद करून उभे होतो. पाणी बशीएवढे उरलेले, पलीकडे बांबूची जाळी, ऊन असे की दांडीला हात लावता येत नव्हता. पंचवीस-एक मिनिटे झाली असतील. जाळीमागून एकदाच ढाँक असा आवाज आला. गाईड पुटपुटला, “थांबा जी, सांबर बोलून राहिला.” तेवढ्यात एक गाडी आली आणि तिच्या चालकाने हाताने खूण केली की पुढे चार किलोमीटरवर वाघ रस्त्यातच बसला आहे. मी गाईडला म्हणालो, चला. तो नको म्हणत होता, पण पैसे माझे होते. आम्ही गेलो, तिथे नऊ-दहा गाड्या, धुळीचा ढग, आणि वाघ केव्हाच आत गेलेला. वीस मिनिटांत परत पाणवठ्यावर आलो, तर रस्त्यावर पाण्याचे ठसे होते. मोठे, गोल, काळे पडलेले चार ठसे, त्यांच्यामधून पोटावरून निथळलेल्या पाण्याची ठिपक्यांची रेघ. वाघ पाण्यात बसून, बाहेर येऊन, आम्ही जिथे उभे होतो त्याच जागेवरून रस्ता ओलांडून गेला होता. आम्ही पाहत असतानाच त्या उन्हात ठशांच्या कडा आत सरकत गेल्या. आधी बोटांचे गोल गेले, मग मधली गादी बदामाएवढी उरली आणि तीही गेली. गाईड काही बोलला नाही. त्याने फक्त बोटाने दाखवले होते.

वाघ दिसलाच तर उभे राहून आरडाओरडा करू नये, हे सांगायला नको असे वाटते, पण सांगावे लागते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखायचे असते. गाडी अजून पुढे घ्या असा आग्रह चालकाला करणे म्हणजे त्याच्या परवान्याशी खेळणे आहे. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली, त्याची चित्रफीत सगळीकडे पसरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली; कारवाई गाईड आणि चालकांवर झाली, ज्यांच्या हट्टाने अशा गाड्या पुढे सरकतात ते पर्यटक मात्र घरी पोहोचलेले असतात. वाघ तुमच्या दिशेने चालत येत असेल तर गाडी हळूहळू मागे घेऊन त्याला रस्ता द्यावा. वाघाला कच्च्या रस्त्यावरून चालायला आवडते, कारण वाळल्या पानांचा आवाज होत नाही आणि तळव्यांना काटे लागत नाहीत. वाट मोकळी मिळाली तर तो पाच-दहा मिनिटेही रस्त्यावरून चालत राहतो. दुपारच्या उन्हात पाण्याशी आला तर पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तो अनेकदा पाठमोरा होऊन, शेपटीकडून पाण्यात उतरतो.

वाघामागे लागून बाकीचे हातचे घालवू नये. गाभ्यातून ज्या गावांचे पुनर्वसन झाले, त्या नवेगाव-जामनीच्या जुन्या शेतांवर आज गवताची कुरणे आहेत आणि तिथे गवे चरताना दिसतात. रानकुत्र्यांचा कळप शिकार करताना पाहिला, तर वाघाची आठवणही होत नाही. तलावात मगरी आहेत, मोहाच्या खोडांवर अस्वलाच्या नखांचे ओरखडे आहेत, आणि जूनच्या तोंडावर नवरंग पक्षी दोन सुरांची शीळ घालू लागतो.

आता घड्याळाबद्दल. प्रत्येक फेरीला बाहेर पडण्याची वेळ ठरलेली असते आणि उशीर झाला तर त्याचा जाब चालकाला आणि गाईडला द्यावा लागतो, प्रसंगी त्यांच्या फेऱ्या बंद होतात. जंगलातही कमाल वेग ताशी २० किलोमीटर असल्याने शेवटच्या क्षणी धावत सुटूनही वेळ भरून काढता येत नाही. मोठे पाणवठे प्रवेशद्वारापासून दूर असतात, म्हणून थांबण्याची जागा निवडतानाच परतीचा वेळ मोजून गाईडशी ठरवून घ्यावे. आमचा नेम असा आहे की बाहेर पडायच्या पाऊण तास आधी गाडी दाराच्या बाजूला वळवायची आणि उरलेली थांबणी वाटेतल्याच एखाद्या नाल्यावर करायची. त्या वेळी मागून कोणी ‘दिसला, दिसला’ म्हणाले तरी मागे वळायचे नाही.